शनिवार सोडून किलिमांजारो

माझ्या घरमालकीणबाईंनी मला कधीही कुठलंही काम सांगितलं नाही. कॅनडातल्या वॉन शहरात त्यांच्या बेसमेंटमध्ये मी तीन वर्षं राहिले, आणि त्या तीन वर्षांत दर शुक्रवारी संध्याकाळी त्या जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर येऊन उभ्या राहायच्या आणि खाली माझ्या दिशेने एखादं वाक्य सोडायच्या.

"वर फार गरम होतंय."

पहिल्या शुक्रवारी मी "हो का?" म्हटलं आणि भाजी परतत राहिले. दहा मिनिटांनी पुन्हा आवाज आला, "अगदी कुकरमध्ये बसल्यासारखं वाटतंय."

"मग हीटिंग कमी करा ना बाई."

वरून मोठा उसासा ऐकू आला. "मी काही सांगत नाही गो पोरी. नुसतं बोलतेय."

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. मला पोरी म्हणणारं माणूस कॅनडात भेटेल असं वाटलं नव्हतं, म्हणून मी गॅस बंद करून वर गेले. बाई थर्मोस्टॅटशेजारी उभ्या होत्या, पण त्याच्याकडे पाठ करून. मी आकडा खाली आणला. "वा, बरं वाटलं," त्या म्हणाल्या, जणू खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली होती.

बाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, मूळच्या अलिबागच्या बाजूच्या. आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा, म्हणून गावात या लोकांना शनिवार तेली म्हणायचे. घाणा गेला, गाव गेलं, शनिवार तेवढा राहिला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत बाई दिवा लावायच्या नाहीत, विझवायच्या नाहीत, लिहायच्या नाहीत, गाडी चालवायच्या नाहीत. दुसऱ्याला तसं करायला सांगायचंही नाही. "सांगितलं तर ते माझंच काम झालं," त्या म्हणायच्या. "बोललं तर नुसतं बोलणं झालं."

मी एका वेअरहाऊसमध्ये शिफ्ट सुपरवायझर होते. माझ्या कामात सूचना म्हणजे ट्रक कुठल्या डॉकला, किती वाजता, माल रचलेले किती पॅलेट. तरी महिन्याभरात मी बाईंचं बोलणं वाचायला शिकले. "फ्रीजमधला दिवा डोळ्यांत जातो" म्हणजे बल्ब काढून ठेव. "तुझ्याकडे कशाचा तरी छान वास येतोय" म्हणजे मात्र नुसतंच बोलणं. खाण्याच्या धर्मनियमांमुळे त्या माझ्या भांड्यातलं खायच्या नाहीत. स्वतः मात्र दर रविवारी नारळाच्या दुधातली पुरी-भाजी घेऊन खाली यायच्या आणि मी संपवेपर्यंत समोर बसायच्या.

बाईंनी बावीस वर्षं पिवळी स्कूल बस चालवली होती. निवृत्त झाल्या तरी अंगातली बस उतरली नव्हती. कुठेही चार माणसं जमली की त्या बोटाने हवेत टिचक्या मारत डोकी मोजायच्या. रेल्वेचे रूळ आले की स्कूल बसने थांबायचं, दार उघडायचं, कान देऊन ऐकायचं आणि मगच पुढे जायचं, असा इथला नियम आहे. बाई आपल्या जुन्या सेडानमध्येही तेच करायच्या. उणे वीस तापमानात मी शेजारी बसलेली, मागे सहा गाड्यांची रांग, आणि बाई दार सताड उघडून ऐकतायत.

"बाई, या रुळांवरून आता गाडी जात नाही. बोर्ड लावलाय तसा."

"बोर्ड गाडीला वाचता येतो का?"

मागचा हॉर्न वाजवायचा. बाई आरशात बघून म्हणायच्या, "ज्यांच्या आया त्यांना बसला वेळेवर आणायच्या नाहीत, त्यातलाच दिसतो."

आता डोंगराचं सांगते.

बाईंना एक धाकटी बहीण. ती अश्दोदला, इस्राएलमध्ये. दोघींचं भांडण पाळण्यात सुरू झालं असावं, कारण मी ऐकलं तेव्हा त्यात साठेक वर्षांचा सराव दिसत होता. धाकटीचा नारळ जास्त बारीक किसला जायचा. धाकटीचा जावई दंतवैद्य होता. धाकटीकडे समुद्र होता आणि बाईंकडे वेअरहाऊसं. मी ग्वेल्फला स्वतःचं टाउनहाऊस घेऊन राहायला गेले त्याच वर्षी धाकटीने तिकडच्या मसादा किल्ल्याच्या डोंगरमाथ्यावरून स्वतःचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं: पहाटे चढले, या वयात.

बाईंनी मला ग्वेल्फहून बोलावून घेतलं. म्हणजे फोनवर म्हणाल्या, "माझ्या टॅबलेटवर फोटो मोठा कसा करतात कोण जाणे." मी तासभर गाडी चालवून गेले आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. धाकटीच्या गॉगलच्या काचेत केबल कारचा डबा लख्ख दिसत होता.

"बघ," बाई म्हणाल्या. आवाजात समाधान नव्हतं, युद्ध होतं. त्यांनी तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला.

"केबल कारने गेलीस तू."

"उतरताना गो! आणि तुला काय करायचंय? तू तर बेसमेंटचा जिना चढून आलीस तरी धापा टाकतेस."

बाईंनी फोन ठेवला. खिडकीतून समोरच्या टायरच्या दुकानाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "जिथे केबल कार नाही असा सगळ्यात उंच डोंगर कुठला?"

"एव्हरेस्ट."

"म्हाताऱ्या बाईला झेपेल असा सांग."

मी फोनवर शोधलं. आफ्रिकेत किलिमांजारो. दोर नको, बर्फाची कुऱ्हाड नको, नुसतं चालायचं. गाईड असतो, सामान उचलायला माणसं असतात. फक्त वर हवा विरळ. बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "किती दिवस?"

"सात दिवसांचा मार्ग चांगला म्हणतात."

"सात दिवसांत शनिवार येणारच. सहाचा बघ."

सहाचा होता. रविवारी सुरू करायचं, गुरुवारी शिखर, शुक्रवारी दुपारी खाली, सूर्यास्ताआधी हॉटेलात. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा चौकोन भरले आणि सातवा कोरा ठेवला. "सहा दिवस काम, सातवा आराम. हे त्या डोंगरवाल्यांनी ठरवलेलं नाही, फार आधीच ठरलंय."

"आणि बरोबर कोण?"

"एकटीला जायची मला भीती नाही," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षं पन्नास पोरं सांभाळलीत. आता परक्या मुलखात म्हाताऱ्या बाईचं काही झालं तर कॅनडा सरकार कोणाला फोन करेल, एवढाच प्रश्न आहे. मी काही सांगत नाही, नुसतं बोलतेय."

मी रजेचा अर्ज टाकला. उतरल्यानंतरच्या सोमवार-मंगळवारपर्यंत पुरतील असे दिवस मागितले. विमानं उशिरा येतात हे मला माहीत होतं. मला डोंगराची हौस नव्हती, पण पंचेचाळिशी उलटली होती, आणि पॅलेटशिवाय काहीतरी वर चढवून बघायला हरकत नव्हती.

वॉनमध्ये डोंगर नाही. बाईंनी बेसमेंटच्या तेरा पायऱ्यांवर सराव सुरू केला, पाठीवर दहा किलो तांदळाची पिशवी. खाली माझ्या जागी आलेला भाडेकरू पंजाबी ट्रक ड्रायव्हर होता. "दीदी, आंटीजी ठीक हैं ना?" असा त्याचा मला फोन आला. "रात को ऊपर-नीचे, ऊपर-नीचे." जानेवारीत बाईंना मॉलच्या मागे बर्फाचा डोंगर सापडला. पार्किंग लॉट साफ करणाऱ्या गाड्या सगळा बर्फ एका कोपऱ्यात ढकलतात, तो दोन मजली झाला होता. बाई त्याच्या अर्ध्यावर असताना सिक्युरिटी गार्ड धावत आला.

"मॅम! यू कान्ट बी अप देअर!"

"आय ॲम नॉट अप," बाई वरून म्हणाल्या. "आय ॲम गोइंग अप." मग त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "तू मेपल स्ट्रीटच्या स्टॉपवरचा ना? हातमोजे विसरायचास तो?"

तो तोच होता. त्यानंतर बाई चढायच्या आणि तो खाली उभा राहून कोणी येत नाही ना ते बघायचा.

आता पोहे. बेने इस्राएलांमध्ये नवस फेडायचा तर मलिदा करतात. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वेलची, फळं, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव. बाईंनी शिखरावर मलिदा करायचा नवस बोलला होता. माझ्या सांगण्यावरून नारळ सुका आणि फळांत फक्त खजूर घेतले. पण पोहे कुठे ठेवले होते हे मला किलिमांजारोच्या विमानतळावर कळलं, जेव्हा पट्टा फिरून फिरून थांबला आणि बाईंची बॅग आली नाही.

"बूट तुमच्या पायात का नाहीत?" मी त्यांच्या पायांकडे बघत विचारलं. मोजे आणि चपला.

"बुटांत पोहे आहेत."

"काय?"

"अर्धा किलो डाव्यात, अर्धा उजव्यात. पिशवीत बांधून गो. बॅगेत बुटांची पोकळ जागा फुकट जात होती."

डोंगरावर जाणाऱ्याने बूट पायात घालूनच विमानात बसायचं, ही गोष्ट मी त्यांना पाच वेळा सांगितली होती. मी सांगते, नुसतं बोलत नाही. कदाचित म्हणूनच ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. गावात भाड्याने बूट मिळत होते. "दुसऱ्याच्या घामात पाय घालून मी देवाचं नाव घ्यायला जाणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि पोहे?"

आम्ही शुक्रवारी दुपारी पोचलो होतो; बॅग तीन दिवस उशिरा आली, सोमवारी संध्याकाळी. आम्ही मंगळवारी निघालो.

मंगळवार, बुध, गुरू, शुक्र, शनि. शिखर शनिवारी. मी हे हॉटेलातच बोटांवर मोजलं होतं आणि गप्प बसले होते. बाईंनाही मोजता येत होतं. त्याही गप्प होत्या. चार दिवस आम्ही हवामानाबद्दल, पायांतल्या फोडांबद्दल, मालवाहू माणसांच्या डोक्यांवरच्या ओझ्यांबद्दल बोललो. वाराचं नाव कोणी काढलं नाही.

आमच्याबरोबर दोन गाईड होते. मुख्य गाईड उंच, मोजकं बोलणारा, दर अर्ध्या तासाने घड्याळ बघणारा. माझ्या मनासारखा माणूस. त्याचा मदतनीस पन्नाशीचा, बुटका, शेजारच्या डोंगराळ मुलखातला. दोघेही बाईंना मामा म्हणायचे. त्यांच्या भाषेत आईला मामा म्हणतात. "बावीस वर्षं मिस होते, आता मामा झाले," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सामान उचलणाऱ्या नऊ जणांची डोकी मोजून घेतली. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ मोजली. तिसऱ्या दिवसापासून ती माणसं बाई दिसल्या की आपोआप ओळीत उभी राहू लागली.

त्या डोंगरावर सगळेजण एकच मंत्र म्हणतात, पोले पोले, म्हणजे हळूहळू. हा मंत्र बाईंसाठीच केलेला होता. त्या प्रत्येक वळणावर थांबायच्या, कान द्यायच्या आणि मग पाऊल टाकायच्या.

"मामा काय ऐकतात?" मदतनिसाने मला विचारलं.

"ट्रेन येतेय का ते."

त्याने गंभीरपणे मान हलवली आणि पुढच्या वळणावर तोही थांबला. मला ते जमेना. मी भराभर पुढे जायची, वर जाऊन खडकावर बसायची आणि तासभर त्यांची वाट बघायची. मुख्य गाईड म्हणायचा, "सिस्टर, पोले पोले." मी म्हणायची, "आय ॲम फाइन." गुरुवारपासून माझं डोकं दुखत होतं. ते मी कोणाला सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी शेवटच्या तळावर पोचलो. त्याचं नाव बराफू, म्हणजे त्यांच्या भाषेत बर्फच. खडकाच्या धारेवर तंबू, वारा, आणि समोर काळी चढण. मुख्य गाईडने बेत सांगितला: लवकर जेवायचं, झोपायचं, रात्री बाराला निघायचं, उजाडताना शिखर.

बाईंनी तो ऐकून घेतला आणि स्वयंपाक्याकडून गरम पाण्याचे तीन थर्मास भरून घेतले. तंबूत आग नको म्हणून शनिवारच्या मेणबत्त्यांऐवजी सेलवरचे दोन छोटे दिवे लावून उशाशी ठेवले. मग सूर्याकडे बघितलं. तो बोटभर वर होता.

"मी उद्या बसते," त्या म्हणाल्या.

"बाई, नवस आहे. धाकटी आहे. आठ महिने जिना चढलात."

"धाकटीला फोटोवरची तारीख दिसेल. ती तारखा बघते गो. शनिवारी चढलेला डोंगर ती मोजणार नाही." मग म्हणाल्या, "मीही मोजणार नाही."

मुख्य गाईडला मी समजावून सांगितलं. त्याचा चेहरा माझ्यासारखाच झाला. या उंचीवर उगाच जादा दिवस कोणी बसत नाही, तो म्हणाला. शरीर थकतं, पाणी खालच्या दरीतून डोक्यावरून आणावं लागतं. तेव्हा मागून मदतनीस म्हणाला, "पाणी मी आणवतो. मी मामांबरोबर राहतो."

"तुला काय झालं?"

"आम्ही ख्रिस्ती, पण आमच्या पंथातही शनिवार पाळतात. बारा वर्षं या डोंगरावर काम करतोय, एकही शनिवार बसून मिळाला नाही." त्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. अलिबागचा घाणा आणि आफ्रिकेतला डोंगर यांचा एकच सुटीचा वार निघाला होता, आणि ती दोघं शाळा सुटल्यासारखी हसत होती.

मुख्य गाईडने मग रेडिओवरून परवानगी घेतली. मी मात्र थांबणार नव्हते. मी मुख्य गाईडबरोबर रात्री निघणार, बाई रविवारी मदतनिसाबरोबर. खालच्या तळावर भेटायचं. वेळापत्रक तसं नीट बसत होतं.

सूर्यास्तानंतर मुख्य गाईड बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घेऊन आला. रोजची तपासणी होती. बाईंनी तंबूची चेन आतून बंद करून घेतली. मग चेनच्या फटीतून हळूच एक बोट बाहेर आलं.

"माझं बोट बाहेर राहिलंय," आतून आवाज आला. "थंडी वाजते त्याला."

मी गाईडला खूण केली. त्याने यंत्र बोटावर लावलं, आकडा बघितला, काढलं. बोट आत गेलं. बाईंचा आकडा माझ्यापेक्षा चांगला होता. माझा लागला तेव्हा गाईडने विचारलं, "डोकं दुखतं का?" मी नाही म्हटलं.

"तुझ्या कपाळाला कालपासून आठी आहे," आतून बाई म्हणाल्या. "मी काही सांगत नाही."

ते बोलणं मला वाचता आलं होतं. मी ते वाचलं नाही.

रात्री बाराला निघालो. पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझं कौतुक काही नाही. कपाळावर दिवा, पायाखाली घसरणारी खडी, वर इतर लोकांच्या दिव्यांची रांग. मी त्यातल्या बऱ्याच जणांना मागे टाकलं. पहाटे पाचच्या सुमारास मी एका खडकाशी वाकले आणि नाशिकला लहानपणापासून आजवर खाल्लेलं सगळं बाहेर काढलं. मग सरळ उभी राहायला गेले तर डोंगर तिरका झाला. गाईडने माझ्या डोळ्यांसमोर बोटं धरली आणि किती ते विचारलं. मी म्हटलं, "बावीस पॅलेट." त्याने माझा हात धरून मला उलटं फिरवलं.

"अजून किती होतं?" मी विचारलं.

"एक तास, सिस्टर."

एक तास!

सकाळी आठला आम्ही परत तळावर आलो तेव्हा लांबूनच गाणं ऐकू आलं. बाई तंबूच्या तोंडाशी बसून मराठी कीर्तन म्हणत होत्या, मोशे समुद्र दुभंगवतो ते. मदतनीस शेजारी पालथ्या डब्यावर बसून मधल्या जागांत आपल्या भाषेतलं भजन बसवत होता. दोघांच्या चालीचा काही संबंध नव्हता. दोघंही मजेत होती.

मला बघून बाईंचं गाणं थांबलं. मी खाली बसले आणि पुन्हा ओकले.

मुख्य गाईड म्हणाला, हिला आत्ता, या क्षणी खाली न्यायला हवं. जेवढं खाली तेवढं बरं वाटेल. पण थांबून चालणार नाही.

बाई उठल्या. त्यांनी आत हात घालून बूट ओढले आणि नाडी बांधायला घेतली. शनिवारी त्या गाठही मारत नसत. माझ्या बेसमेंटमध्ये शनिवारी त्यांच्या चपलेचा पट्टा तुटला होता तेव्हा त्या दिवसभर अनवाणी फिरल्या होत्या.

"बाई, काय करताय?"

"तुझ्याबरोबर येतेय. जिवासाठी शनिवार मोडला तर चालतो. तेवढी सोय आहे आमच्यात."

"वर कोण जाणार मग?"

"कोणी नाही." त्यांनी दुसरा बूट घेतला. "धाकटीला म्हणू दे काय म्हणायचं ते."

खाली उतरलं की पुन्हा वर यायला दिवस नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांना "बसा" म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. सांगितलेलं त्यांच्यापर्यंत कधीच पोचलं नव्हतं. माझं डोकं फुटत होतं, पण तीन वर्षांची शिकवणी वाया गेली नव्हती. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि समोरच्या खडकाकडे बघत म्हटलं:

"मला खाली न्यायला एक गाईड आहे. तो एकटा पुरे आहे. दोन माणसं मला उचलायलाही आहेत. रविवारी वर जायला एक गाईड रिकामा बसलाय, आणि बुटांतून काढलेले किलोभर पोहे इथे पडलेत. मी काही सांगत नाही बाई. नुसतं बोलतेय."

मग नाडी सुटल्याचा आवाज आला.

"पोहे तिथे उन्हात नको होते," बाई म्हणाल्या.

मी ते उचलून त्यांच्या तंबूत सावलीत ठेवले आणि निघाले.

गाईड म्हणाला होता तेच झालं. हजारभर मीटर खाली उतरले आणि दुपारपर्यंत मी सूप पिऊन स्वयंपाक्याला त्याच्या कांदे ठेवायच्या पद्धतीवर सूचना देत होते. रविवार मात्र लांबला. दहा वाजले, अकरा वाजले. मी त्या वाटेकडे बघून पंचवीस वेळा उठले असेन. बाराला वरच्या वळणावर दोन ठिपके दिसले. एक ठिपका थांबला. दुसराही थांबला. दोघांनी ट्रेनची वाट बघितली आणि पुढे आले.

बाई आल्या त्या आधी माणसं मोजायला लागल्या. सगळी डोकी भरल्यावर खाली बसल्या.

"वर काय आहे?" मी विचारलं.

"बोर्ड आहे. थंडी आहे. बर्फ आहे, पण आपल्या मॉलच्या मागे यापेक्षा जास्त असतो." त्यांनी खिशातून पुरचुंडी काढून माझ्या हातावर मलिदा ठेवला. पोहे कडक होते, खजूर दगड झाले होते. मी सगळा खाल्ला.

फोटो मदतनिसाने काढला होता. शिखरावरचा बोर्ड, त्याच्यासमोर बाई, आणि त्यांच्या हातात बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं होतं: रविवार. तो मजकूर त्यांनी आदल्या संध्याकाळी तीन तारे मोजून झाल्यावर लिहिला होता.

हॉटेलात पोचल्यावर फोटो अश्दोदला गेला. दोन निळ्या खुणा आल्या. अर्धा तास उत्तर आलं नाही. बाई फोन समोर ठेवून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मग धाकटीचा व्हॉइस मेसेज आला, एकच वाक्य:

"अक्षर काही सुधारलं नाही तुझं."

बाई इतक्या हसल्या की रिसेप्शनवरची मुलगी पाणी घेऊन आली. "संपली!" त्या म्हणाल्या. "ती संपली!"

पुढच्याच वर्षी बाईंनी घर विकलं आणि त्या अश्दोदला राहायला गेल्या, त्याच बहिणीच्या इमारतीत, एक मजला वर. वर का, हे मी विचारलं नाही. बेसमेंट रिकामं करायला मी गेले होते. जिन्यावर त्यांनी तांदळाची पिशवी मला दिली, न फोडलेली, त्या पिशवीने डोंगराचा सगळा सराव बघितला होता. "तांदूळ आता जुने झाले असतील," म्हणाल्या. मी ती घरी नेऊन बेसमेंटमध्ये ठेवली आणि विसरले.

त्या आता शुक्रवारी फोन करतात. तिकडची दुपार, म्हणजे माझी सकाळची कॉफी. परवाही आला.

"धाकटीने बूट घेतलेत," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"म्हणते, तू गेलीस तर मीही जाईन. माझ्यासमोर बसून नारळ किसते आणि पायात बूट. घरात गो! मऊ करतेय म्हणे. आम्ही दोघीच गेलो तर एकजणच परत येईल, एवढं मला कळतं. आणि तुझा तो एक तास तिथे वर तसाच पडलाय."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"मी काही सांगत नाही गो पोरी."

"हो, ठाऊक आहे."

"नुसतं बोलतेय."

फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर बघितलं. रविवार ते शुक्रवार असे सहा मोकळे दिवस शोधले, त्यांच्या आधी चार दिवस हरवणाऱ्या बॅगांसाठी सोडले आणि ऑफिसला मेल केली. मग बेसमेंटमध्ये जाऊन ती तांदळाची पिशवी पाठीवर घेतली.

माझ्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. त्यांच्या जिन्यापेक्षा एक जास्त.